एकदा टोचले, मग पुन्हा का?



गोवराची लस दोनदा दिली की ती बहुधा जन्मभर पुरते. मग फ्लूचीच लस मुलांना दरवर्षी का टोचायची? आणि वारंवार टोचल्याने मुलाच्या अंगची प्रतिकारशक्ती वाढते की बोथट होते? आईबापांचा हा प्रश्न अगदी रास्त आहे. आज त्याचाच थोडा विचार करू.

फ्लूचा विषाणू मोठा बहुरूपी. त्याच्या अंगावर जे काटे असतात, ते ओळखून आपले शरीर प्रतिपिंडे तयार करते. पण या काट्यांची घडण सतत थोडीथोडी बदलत असते. त्यामुळे लशीत कोणते विषाणू घालावेत, याचा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेला वर्षातून दोनदा करावा लागतो. शिवाय लशीने आलेला बचाव काही महिन्यांत ओसरू लागतो.

लहान मुलाची गोष्ट आणखी निराळी. त्याच्या शरीराने हा शत्रू पूर्वी पाहिलेलाच नसतो. पहिल्या मात्रेने नुसती ओळख होते. किमान चार आठवड्यांनी दिलेल्या दुसऱ्या मात्रेने फौज उभी राहते. म्हणून नऊ वर्षांखालील मुलाला प्रथम लस देताना दोन मात्रा देतात आणि पुढे दरसाल एक.

आता ही पहिली ओळख फार चिवट असते. पोलिओच्या साल्क लशीची १९५४ सालची प्रचंड चाचणी ज्यांच्या देखरेखीखाली झाली, त्या अमेरिकेतील डॉ. थॉमस फ्रान्सिस यांनी निरनिराळ्या वयाच्या लोकांचे रक्त तपासले. ज्याच्या बालपणी जो विषाणू फिरत होता, त्याचीच प्रतिपिंडे त्याच्या रक्तात सर्वांत अधिक आढळली. पुढे नवा विषाणू भेटला तरी शरीर आधी जुनाच धडा म्हणून दाखवते! १९६० साली फ्रान्सिस यांनी ख्रिस्ती धर्मातील शब्द घेऊन याला ‘आद्य पाप’ म्हटले. आपण त्याला बालपणीचा संस्कार म्हणू. कारण संस्कार उपकारकही असतो आणि कधी आडही येतो.

आड कसा येतो ते पाहा. इंग्लंडात ख्राइस्ट्स हॉस्पिटल या नावाची एक निवासी शाळा आहे. नाव इस्पितळाचे, पण आहे ती शाळाच. तेथे १९७२, १९७४ आणि १९७६ साली फ्लूच्या साथी आल्या. जुळणारी लस प्रथमच घेतलेल्या मुलांचा चांगला बचाव झाला. पण तिन्ही साथींची बेरीज केली, तेव्हा वारंवार टोचलेली मुले आणि न टोचलेली मुले सारख्याच प्रमाणात आजारी पडलेली दिसली. १९७९ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध होताच खळबळ उडाली. उलट अमेरिकेत ह्यूस्टन येथे प्रौढांवर पाच वर्षे केलेल्या चाचणीत दरसाल टोचण्याने काही तोटा आढळला नाही.

मग खरे काय? डेरेक स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली याचा उलगडा सुचवला. दोन वर्षांच्या लशी जवळजवळ सारख्या असतील, तर जुनी प्रतिपिंडे नवी लस परस्पर निकालात काढतात आणि नवे शिक्षण राहून जाते. त्यातच साथीचा विषाणू पहिल्या लशीहून बराच वेगळा निघाला, तर दुसऱ्यांदा टोचून घेणारा मागे पडतो. तो पहिल्या लशीशी जुळता असेल, तर मात्र जुनी आणि नवी फौज मिळून लढते. म्हणजे दोन्ही निष्कर्ष आपापल्या जागी खरे!

यावरून लस टाळावी असे कोणी समजू नये. पश्चिम कॅनडातील हटराइट लोकांच्या वस्त्यांत मुलांना लस दिली, तेव्हा न टोचलेल्या मंडळींतही फ्लूचे प्रमाण सुमारे ६१ टक्क्यांनी घटले, असे २०१० साली प्रसिद्ध झाले. मुलाला टोचले आणि घरातल्या आजीचा बचाव झाला, असा हा हिशेब आहे.

तेव्हा दरसालची लस म्हणजे पेढीवर साठत जाणारी ठेव नव्हे. शेताच्या बांधाची ती दरसालची डागडुजी आहे. एखाद्या वर्षी पाणी भलतीकडूनच येते, म्हणून कोणी बांध घालायचे सोडत नाही. त्याबरोबरच, विषाणूच्या काट्याचा जो देठ फारसा बदलत नाही, त्यावरच घाव घालणारी लस शोधण्याचे काम चालू आहे. ते साधेपर्यंत डॉक्टरांच्या सल्ल्याने वेळेवर लस द्यावी आणि लहानग्यांची दुसरी मात्रा चुकवू नये.