शाळेपासून पाच किलोमीटर



सायकलीबद्दलची परिषद तेरला भरते आहे, हे मला फार योग्य वाटतं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी ग्रंथात आपलं गाव ‘तगर’ म्हणून येतं. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं हे गाव. इथलं कापड गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोच बंदराला जायचं. मला मात्र आज फक्त शाळेपासून पाच किलोमीटरच्या आतल्या रस्त्याबद्दल बोलायचं आहे.

ही हद्द सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातली आहे. राज्यातल्या 125 तालुक्यांत, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. योजना मोलाची आहे. बिहारनं 2006 मध्ये नववीच्या मुलींसाठी अशीच योजना आणली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश यांच्या अभ्यासात माध्यमिक शाळेतली मुलींची पटनोंदणी सुमारे 30 टक्क्यांनी वाढलेली दिसली. वाढ मुख्यतः जिथून शाळा तीन किलोमीटरहून लांब होती, तिथली.

पण सायकल हाती आली म्हणजे ती रस्त्यावर चालवता येते, असं नाही. मुलगा दांडीखालून पाय घालून, गुडघे फोडून घेत शिकतो. त्याला कोणी हटकत नाही. मुलीला तेवढी मोकळीक कुठे असते? तिला शिकवावं लागतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा उद्योग 1888 मध्ये बेळगावात सायकलीच्या दुकानापासून सुरू झाला. तिथे त्यांचे भाऊ रामूअण्णा सायकली विकत आणि चालवायलाही शिकवत. म्हणजे सायकल शिकवावी लागते, ही गोष्ट मराठी माणसाला सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच कळली होती. पुढे 1990 च्या दशकात तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यानं साक्षरता मोहिमेतच सायकल घातली. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी बायकांच्या सायकलींसाठी बँकांकडून कर्ज मिळवून दिलं, आणि लाखाच्या वर खेड्यातल्या बायका सायकल शिकल्या. बिगारी करणाऱ्या, शेतात राबणाऱ्या बायका! त्या शिकल्या, तर आपली आठवीतली पोर का नाही शिकणार?

आणि शिकवायचं ते मैदानावर गोल फिरवून नव्हे. हँडल न हलवता मागे वळून बघणं, हात दाखवून वळणं, दोन्ही ब्रेक एकदम दाबणं, चेन उतरली तर बसवणं, पंक्चर काढणं. उसाच्या ट्रॉलीला धरून जायचं नाही, हे तर पहिल्या दिवशीच. नेदरलँड्समध्ये प्राथमिक शाळेच्या शेवटी मुलं खऱ्या रस्त्यावर सायकल चालवून परीक्षा देतात. आपल्याकडे मात्र मिसरूड न फुटलेली पोरं मोटारसायकलवर ट्रिपल सीट जातात. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर पालकाला 25,000 रुपये दंड आणि तुरुंगही होऊ शकतो, तरी किल्ली आपणच देतो. याचं मला दुःख होतं.

आता रस्ता. ग्रामसडक योजनेच्या रस्त्याचं डांबर साधारण 3.75 मीटर, साइडपट्ट्या धरून रुंदी 7.5 मीटर. हंगामात ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन आला, की मुलीच्या वाट्याला साइडपट्टीच उरते. ती खचलेली असली तर पोर पडते. पट्टीवर वेड्या बाभळीचे काटे असले तर टायर जातो, सायकल भिंतीला लागते, आणि एखाद्या घरी तेवढ्यावरून शाळाही सुटते. सायकलीचे पैसे सरकारनं दिले आणि साइडपट्टीवर मुरूम पडला नाही, तर ते पैसे वाया गेले असं मी मानतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक शाळेनं मुलींनाच नकाशा काढायला लावावा: कुठे पट्टी खचली, कुठे बाभूळ आत आली, कुठे पुलावर कठडा नाही, कुठे कुत्री अंगावर येतात, कुठे टवाळ पोरं उभी असतात. तो नकाशा 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठेवा आणि ग्रामपंचायत विकास आराखड्यात घ्या. बाभूळ तोडणं पंचायतीच्या हातात आहे. मुरमासाठी ठराव करून तो जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे पाठवा, आणि पाठवून गप्प बसू नका. सोयाबीन निघाल्यावर, उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर यायच्या आत काम झालं पाहिजे. ठराव वाचायला सरपंचांऐवजी नकाशा काढणारी मुलगी उभी राहू द्या.