ऱ्हाईनकाठी शिकणारी आपली मुले

(सुवर्ण महोत्सवी समारंभातील विद्यार्थी सत्कार प्रसंगी केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘विदेशातील शिक्षण’ या विषयावर दोन शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, आणि चाळीस वर्षे कापडाच्या पेढीवर गज-मीटर मोजण्यात गेलेला मनुष्य. जर्मनी मी पाहिलेला नाही. परंतु माझी धाकटी कन्या ऑक्टोबर २०२२ मध्ये तेथील बॉन विद्यापीठात कृषिविज्ञानाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी गेली आणि त्या निमित्ताने बापाचेही थोडे शिक्षण झाले. त्यातील काही भाग आपल्यासमोर मांडणे हे माझे देणे आहे. देणे का म्हणतो, ते पुढे येईल.

बॉन हे वैनगंगेसारख्याच एका मोठ्या नदीच्या, ऱ्हाईनच्या काठी वसलेले शहर. तेथील विद्यापीठ १८१८ साली स्थापन झाले. आपल्याला या गावाचे नाव परके वाटण्याचे वास्तविक कारण नाही. ज्यांनी १८७९ साली कल्पसूत्राची संपादित आवृत्ती काढली, आचारांग व उत्तराध्ययन सूत्रांचे इंग्रजी भाषांतर केले आणि जैन धर्म ही बौद्ध धर्माची शाखा नसून स्वतंत्र परंपरा आहे हे पाश्चात्त्य विद्वानांना सप्रमाण पटवून दिले, ते हर्मन याकोबी याच विद्यापीठात १८८९ ते १९२२ पर्यंत प्राध्यापक होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही १९२१ साली याच विद्यापीठात अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून नाव नोंदविले होते. लंडनचा अभ्यास आणि पैशाची ओढाताण या दोहोंमध्ये बॉनचे शिक्षण पुढे गेले नाही, व उपस्थितीअभावी तेथील पटावरून त्यांचे नाव कमी झाले. याच बाबासाहेबांनी १९५४ साली आपल्या भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढविली. त्यांचा पराभव झाला. माझे वडील त्या निवडणुकीच्या गोष्टी सांगत, परंतु बॉनचे नाव त्यांनी कधी ऐकले नव्हते. मीही कन्येमुळेच ऐकले.

आता मूळ विषयाकडे वळतो. आपल्या घरांतून प्रश्न एकच विचारला जातो : तेथे मुलगी खाणार काय? मीही तोच विचारला. कांदा-लसूण राहू द्या, जर्मन माणसाच्या ताटात बटाटा असतोच. विद्यापीठाच्या भोजनगृहाला तेथे ‘मेन्झा’ म्हणतात. तेथे प्रत्येक पदार्थावर शाकाहारी, वनस्पतिजन्य अशा खुणा असतात, ही सोय मोठी खरी. पण कंदमुळाची खूण तेथे कोण करणार? दह्याच्या डब्यात आणि गोळ्या-चॉकलेटात जिलेटिन असू शकते, म्हणून प्रत्येक वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचण्याची तिला सवय लागली. मुलीने आपला तवा, पोळपाट आणि लहान कुकर येथूनच नेला होता. विद्यार्थी वसतिगृहात सहा जणांत एक स्वयंपाकघर, आणि शीतकपाटात प्रत्येकाचा एकेक कप्पा. पहिल्याच आठवड्यात हिने फोडणी दिली आणि छतावरचा धुराचा भोंगा वाजू लागला. कुकरची शिट्टी झाली तेव्हा एक विद्यार्थी खोलीबाहेर पळाला म्हणे. पुढे त्याच मुलांनी तिची मुगाची डाळ मागून खाल्ली.

रात्रिभोजनत्यागाचा प्रश्न मात्र याहून अवघड निघाला. बॉनमध्ये जून महिन्यात सूर्य रात्री पावणेदहाच्या सुमारास मावळतो, आणि डिसेंबरात दुपारी साडेचारलाच. उन्हाळ्यात नियम पाळायला कष्ट नाहीत. हिवाळ्यात प्रयोगशाळेतून सुटका सहाला, तेव्हा काय करायचे? पहिल्या हिवाळ्यात तिने दोन महिने नियम पाळला, दुपारी चारला डबा उघडून खात होती. नंतर ती आजारी पडली. फेब्रुवारीत एके दिवशी तिचा दूरध्वनी आला, “बाबा, मी आता हिवाळ्यात फक्त अष्टमी-चतुर्दशीला पाळते. तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगते.” मी काही बोललो नाही. दोन दिवस मनात खळबळ होती. मग विचार केला की, येथे भंडाऱ्यात दुकान वाढवून रात्री दहाला जेवणारे आपण कितीजण आहोत? त्यांपैकी कितीजणांनी हे आपल्या वडिलांना सांगितले? मी तरी सांगितले नव्हते.

तिच्या त्या तापात शेजारच्या खोलीतील इराणी मुलीने भाज्यांचे सूप करून दिले आणि देताना त्यात काय काय घातले आहे ते एका कागदावर लिहून दिले. तो कागद कन्येने अद्याप जपून ठेवला आहे.

अभ्यासाची रीत आपल्यापेक्षा निराळी. पुष्कळ विषयांत हजेरी नाही, घटक चाचणी नाही. वर्षभर कोणी विचारत नाही आणि सत्राच्या शेवटी एक परीक्षा. गुणांची पद्धत तर उलटी : १.० म्हणजे सर्वोत्तम, ४.० म्हणजे जेमतेम उत्तीर्ण, ५.० म्हणजे नापास. पहिल्या परीक्षेत तिला १.७ मिळाले असे कळले, तेव्हा मी घरात कोणाशी बोललो नाही. दहापैकी पावणेदोन, असा माझा हिशेब! चार दिवसांनी उलगडा झाला तेव्हा पेढे वाटले.

आता कामाविषयी. तेथे परदेशी विद्यार्थ्यांना शिक्षण सांभाळून मर्यादित दिवस काम करण्याची परवानगी असते. तेव्हा ती वर्षाला १२० पूर्ण दिवसांची होती, मार्च २०२४ पासून १४० झाली. माझ्या मुलीला पहिले काम बेकरीत मिळाले. तेथे पावामध्ये मांसाचे काप भरावे लागतात हे कळताच तिसऱ्या दिवशी तिने ते सोडले. दुसरे काम मिळाले एका मोठ्या कापड दुकानात, ग्राहकांनी विस्कटलेल्या कपड्यांच्या घड्या घालण्याचे. ज्या मुलीला मी घरच्या पेढीवर एक दिवस बसू दिले नाही, ती परक्याच्या दुकानात उभ्याने घड्या घालते आहे, ही गोष्ट मी सहा महिने नातेवाइकांपासून लपवली. मला लाज वाटत होती, हे आज मोकळेपणाने सांगतो. तिला तासाला बारा युरो मिळत, कारण त्या देशात कायद्याने त्याहून कमी देता येत नव्हते. एकदा तिने सहज विचारले, “बाबा, आपल्या दुकानातली माणसे दिवसभरात बसतात कुठे?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. आता काउंटरमागे दोन स्टुले ठेवली आहेत. पुढे तिला विद्यापीठाच्याच प्रयोगशाळेत विद्यार्थी सहायकाचे काम मिळाले.

या ठिकाणी एका महाराष्ट्रीय विदुषीची आठवण करणे उचित होईल. इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेले त्यांचे सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचाही त्या जाण्याला विरोध होता. पती दिनकर कर्वे पाठीशी उभे राहिले, आणि पैशाची सोय झाली ती डॉ. जीवराज मेहता यांनी दिलेल्या कर्जातून. तेथे अयगेन फिशर या वंशश्रेष्ठत्व मानणाऱ्या प्राध्यापकांच्या हाताखाली त्यांना मानवी कवट्या मोजण्याचा विषय मिळाला. गोऱ्या युरोपीयांचे श्रेष्ठत्व कवटीच्या रचनेतही दिसावे, असे गृहीतक होते. मोजमापांत त्याला आधार मिळाला नाही, तेव्हा त्या परदेशी विद्यार्थिनीने आधार मिळत नाही असेच प्रबंधात लिहिले, आणि १९३० साली डॉक्टरेट घेऊन परतल्या. मापात खोट नको हे आम्हा कापडवाल्यांना कळते. पण ज्याच्या हाती आपले गुण आहेत त्याच्यासमोर माप खरे ठेवणे फार कठीण.

मी सर्वांत जास्त थांबलो तो कर्ज या शब्दापाशी.

२०१७ साली मी आपल्या न्यासाच्या शिक्षण समितीचा प्रमुख होतो. एका तालुक्याच्या गावातील लहान किराणा दुकानदाराच्या मुलाचा अर्ज आला. अभियांत्रिकीत उत्तम गुण आणि जर्मनीतील विद्यापीठाचे प्रवेशपत्र हाती. मागणी सुमारे सव्वासहा लाखांच्या बिनव्याजी कर्जाची. आम्ही तो नामंजूर केला. नोंदवहीत कारण माझ्याच अक्षरात आहे : ‘विदेशात आहारशुद्धी टिकणे कठीण, रक्कम मोठी, परतफेडीची शाश्वती नाही.’ त्या मुलाला आम्ही भेटायलाही बोलावले नाही. तो गेला नाही. आज नागपुरात एका खासगी कंपनीत नोकरी करतो.

पाच वर्षांनी कन्येच्या वेळी मला कळले की ती रक्कम कशासाठी होती. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात, म्युनिकच्या तंत्रविद्यापीठानेही २०२४ पासून शुल्क सुरू केले आहे. परंतु बॉनसारख्या ठिकाणी सत्राचे किरकोळ अंशदान सोडले तर काही नाही. मात्र व्हिसासाठी वर्षभराच्या निर्वाहाची रक्कम तेथील ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये आगाऊ ठेवावी लागते. हे पैसे कोणाच्या खिशात जात नाहीत. ते विद्यार्थ्याच्याच नावे असतात आणि दरमहा ठरावीक हप्त्याने त्यालाच मिळतात. कन्येच्या वेळी ही रक्कम १०,३३२ युरो, म्हणजे आठ लाखांहून अधिक होती. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो आहे, म्हणजे महिना ९९२. रुपयांत बारा लाखांच्या आसपास. व्यापाराच्या भाषेत सांगायचे तर हे भांडवल आहे, खर्च नव्हे, आणि पुष्कळ मुले दुसऱ्या वर्षापासून बरीचशी रक्कम स्वतः कमावतात. मी चाळीस वर्षे उधारी-वसुली केली, पण त्या अर्जाचा हिशेब मात्र नीट वाचला नाही. माझ्या मुलीसाठी पेढी होती. त्याच्यासाठी आपण होतो.

मागच्या महिन्यात मी त्या दुकानी गेलो. त्याचे वडील साखर तोलत होते. मी झाल्या गोष्टीबद्दल क्षमा मागितली. त्यांनी तराजू खाली ठेवला, “बसा भाऊ, चहा घ्या,” म्हणाले, आणि मुलाचा विषय काढला नाही. मीही पुढे काढू शकलो नाही.

न्यासाच्या शिक्षण निधीतून परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याला, मुलगा असो वा मुलगी, या खात्यापुरते परतफेडीचे कर्ज मिळावे असा लेखी प्रस्ताव मी कार्यकारिणीकडे दिला आहे. पहिल्या कर्जाची निम्मी रक्कम आमच्या पेढीकडून जमा होईल. अर्जदाराला समक्ष भेटल्याशिवाय अर्ज नामंजूर करू नये, अशी एक अटही मी त्यात घातली आहे. तेथील सत्र ऑक्टोबरात सुरू होते, अर्ज जुलैच्या मध्यापर्यंत आणि कित्येक ठिकाणी बरेच आधी जातात. शिवाय नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना दिल्लीहून ‘एपीएस’ हे कागदपत्र तपासणीचे प्रमाणपत्र घ्यावे लागते, त्याला वेळ लागतो. म्हणून निर्णय येत्या दिवाळीपूर्वी व्हावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो. जयजिनेंद्र.