व्हिडिओ पाहू, पण पुस्तक हाती घेऊन
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही म्हणजे विहारातल्या रविवारच्या वाचनवर्गाची मंडळी. कार्यक्रमपत्रिकेत आमच्यापुढे 'मनोगत' असं छापलंय, पण खरं म्हणजे हा हिशोब आहे. आपण सर्वांनी वर्गणी काढून विहाराला मोठा टीव्ही घेऊन दिला. त्याचं आम्ही काय केलं, ते सांगणं आमचं कर्तव्य आहे. टीव्ही आला तेव्हा काही ज्येष्ठ मंडळी म्हणाली होती, "विहारात कशाला हे? उद्या मॅच लावाल." मॅच लावली नाही. म्हणजे एकदाच लावली.

सुरुवात कार्ल्याच्या लेण्यांपासून केली. आमच्यातल्या कितीतरी आयाबायांना गुडघ्यांमुळे त्या पायऱ्या आता चढवत नाहीत. यूट्यूबवर कार्ल्याचे व्हिडिओ भरपूर आहेत. चैत्यगृहाच्या छताखालच्या लाकडी कमानी दोन हजार वर्षांपूर्वीच्या, मूळच्याच आहेत, हे ऐकून आमच्या वर्गातले सुतारकाम करणारे दोघे उठून थेट टीव्हीपाशी जाऊन उभे राहिले. व्हिडिओवाला मात्र खांबांवरून भराभर पुढे गेला. आम्ही तिथे थांबवलं. कारण खांबांवर आणि दारांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. धेनुकाकट गावचे स्वतःला यवन म्हणवणारे लोक त्यात आहेत, सुगंधी द्रव्यांचा एक व्यापारी आहे आणि दार करणारा सामी नावाचा सुतारही आहे. ही लिपी 1837 साली जेम्स प्रिन्सेपने उलगडली, म्हणून आज आपल्याला ही नावं कळतात. त्या दिवशी आमचे सुतारबंधू चहा न घेताच घरी गेले. का, ते आम्ही विचारलं नाही.

आता आमची चूक सांगतो. मोबाईलवर एक व्हिडिओ फिरत आला. बाबासाहेबांचा फोटो, मागे गंभीर संगीत आणि त्यांच्या नावावर दिलेलं एक जोरदार वाक्य. आम्ही तो विहारात लावला, टाळ्याही पडल्या. मागे बसलेल्या एका आजोबांनी हळूच विचारलं, "पोरांनो, हे कोणत्या खंडात आहे रे?" विहाराच्या कपाटात शासनाने छापलेले खंड आहेत. आम्ही तीन रविवार शोधलं, वाक्य काही सापडलं नाही. चौथ्या रविवारी सर्वांसमोर उभं राहून माफी मागितली. तेव्हापासून एक नियम केला. व्हिडिओ लावणाऱ्याने पुस्तक, खंड आणि पान आधी सांगायचं. सापडत नसेल तर तो व्हिडिओ लागणार नाही, मग कितीही लाख लोकांनी पाहिलेला असो.

या नियमामुळेच आम्ही दौलताबादपर्यंत पोचलो. मुलांना किल्ले आवडतात. दौलताबादचे दोन-चार व्हिडिओ लागोपाठ पाहिले. यादवांची देवगिरी, महंमद तुघलकाने 1327 साली दिल्लीहून इथे नेलेली राजधानी, खंदक, अंधारी वाट, चाँद मिनार, सगळं छान दाखवलं होतं. पुस्तक कोणतं, असं विचारल्यावर आमच्यातल्या एका ताईंनी बाबासाहेबांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' पुढे केलं. हे लहानसं लिखाण 1990 साली पुस्तिका म्हणून निघालं, पुढे 1993 साली बाराव्या खंडात आलं. इंग्रजीत आहे, ताई वाचून मराठीत सांगत गेल्या.

साल 1934 च्या सुमाराचं. बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी, साधारण तीसेक जण, वेरूळची लेणी पाहायला निघालेले. वाटेत दौलताबाद लागलं. प्रवासात सगळे धुळीने माखलेले. किल्ल्याच्या दरवाजाजवळ पाण्याने भरलेला हौद दिसला, म्हणून त्यांनी हात-तोंड धुतलं. तेवढ्यात हौद बाटवला म्हणून ओरडा झाला, माणसं गोळा झाली, प्रकरण हातघाईवर यायची वेळ आली. शेवटी किल्ला पाहू दिला, पण आत कुठे पाण्याला हात लावू नये म्हणून सोबत एक शस्त्रधारी शिपाई दिला. हे ज्यांच्या बाबतीत घडलं, ते त्याआधीच दोनदा परदेशात शिकून आलेले, गोलमेज परिषदेत बोलून आलेले होते.

वर्गात कोणी बोलेना. मग सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "त्या व्हिडिओत हा हौद का नाही दाखवला?" आम्ही पाहिलेल्या एकाही व्हिडिओत ही गोष्ट नव्हती. व्हिडिओवाल्यांवर आमचा राग नाही. त्यांच्या वाचनात आलं नसेल. पण आपल्या कपाटात तो खंड होता आणि आम्हीही तो उघडला नव्हता, याची लाज वाटली.

म्हणून येत्या डिसेंबरात दौलताबाद आणि वेरूळची सहल ठरवली आहे. पुस्तकातल्या खुणा घेऊन तो हौद शोधायचा. तिथे उभं राहून मुलांनी ती हकीगत आपल्या मराठीत सांगायची, मोबाईलवर चित्रण करायचं आणि यूट्यूबवर टाकायचं. सांगण्याचा सराव सुरू झालाय. ती सातवीतली मुलगी शिपायाच्या वाक्यापाशी दरवेळी अडखळते, आम्ही तिला घाई करत नाही.

नावं रविवारी वर्गात द्यावीत. गुडघे दुखणाऱ्यांनीही यावं, आपल्याला दरवाजापर्यंतच जायचंय. किल्ला ज्यांना चढायचा, ते चढतील.

जयभीम!