घर आपले, बिऱ्हाड परके



आज घरभाड्याविषयी दोन शब्द बोलू या.

आपल्यापैकी काहींचे तालुक्याच्या गावी घर असते. त्यातली एखादी खोली आपण भाड्याने देतो. समजा, खोली एका मास्तरांना दिली. सहा महिन्यांनी जाऊन पाहावे, तो मास्तर नाहीत! दुसरेच बिऱ्हाड तिथे नांदते आहे. ‘आम्ही मास्तरांना भाडं देतो,’ असे ते सांगतात. असा माणूस म्हणजे पोटभाडेकरू.

मग डोके तापते. शेजारी म्हणतो, ‘फेका भांडीकुंडी रस्त्यावर, लावा कुलूप!’

मंडळी, तसे करू नका. जबरीने बाहेर काढलेला माणूस सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो. पाणी किंवा वीज तोडणेही कायद्याला मान्य नाही. घर आपले, आणि गुन्हेगारही आपणच, अशी गत होते.

मग करावे काय?

आधी विचारपूस करावी. भाडेकरूचा भाऊ चार दिवस राहायला आला, तर तो पाहुणा. भाडेकरू स्वतः निघून गेला आणि दुसऱ्याकडून पैसे घेतो, तर गोष्ट वेगळी.

नव्या माणसाकडून भाडे घेऊ नये. पावती तर मुळीच देऊ नये. नाहीतर ‘मालकानंच मला ठेवलं,’ असे तो उद्या म्हणेल.

नंतर वकिलामार्फत मूळ भाडेकरूला नोटीस द्यावी. पोहोच जपून ठेवावी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ सालचा आहे. तो जिथे लागू आहे, तिथे परवानगीवाचून पोटभाडेकरू ठेवल्यास मालकाला कोर्टात ताबा मागता येतो. वकिलाची फी झेपत नसेल, तर कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, तिथे जावे. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न कितीही असले तरी तिथे मोफत मदत मिळते.

पण खरा उपाय आधीच करायचा असतो. भाड्याचा करार लेखी करावा आणि नोंदवावा. ही जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. नोंदलेला करार नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचेच म्हणणे खरे धरतात. करारात कोण कोण राहणार, मुदत किती, पोटभाडेकरू ठेवायचा नाही, हे स्पष्ट लिहावे.

काल आपण न वाचता अंगठा उठवीत होतो. आज आपल्याला अक्षर आले आहे. करार स्वतः वाचू, समजून घेऊ, मगच सही करू.