चौथी मैत्रीण

केट मॅस्करेनस या ब्रिटिश लेखिकेची ‘द सायकॉलॉजी ऑफ टाइम ट्रॅव्हल’ ही २०१८ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी आपल्यापैकी ज्यांनी वाचली, त्यांच्याही ध्यानात बंद खोलीतल्या त्या हत्येचा तपासच तेवढा राहिला असेल, अशी मला धास्ती वाटते; कारण परिचितांनी मला कालयंत्राविषयी पुष्कळ विचारले, पण बार्बराविषयी कोणी अवाक्षर काढले नाही.

१९६७ साली कम्ब्रियातील एकांतातल्या प्रयोगशाळेत मार्गारेट, ल्यूसिल, ग्रेस आणि बार्बरा या चौघी मिळून हे यंत्र सिद्ध करतात. परंतु वारंवार केलेल्या कालप्रवासाने बार्बराची झोप उडते, चित्त विस्कटते, दूरचित्रवाणीवर सर्वांदेखत तिचे बोलणे असंबद्ध होते, आणि ज्या कार्याला तिने तारुण्य वाहिले त्याच्याच दप्तरातून ती खारीज होते. पुढे कालप्रवासी मनास येईल तेव्हा आपल्याच तरुण रूपाला भेटून येतात. मेलेल्या माणसाचीही गाठ पडू शकत असल्याने त्यांना मृत्यूचेसुद्धा काही वाटेनासे होते. बार्बरा मात्र तुमच्या-आमच्यासारखी एकेका दिवसाने म्हातारी होते.

जात्यावर दोघी समोरासमोर बसतात, खुंटा एकच, एकीची ओढ सरते तेथे दुसरीची सुरू होते. त्यांतली एक उठून गेली तरी दळण थांबत नाही, पण मागे राहिलेलीचा खांदा भरून येतो आणि पीठ भरड पडते. तरुणपणाच्या आठवणींचेही तसेच आहे: एकटीने दळल्या तर आपल्या सोयीच्या निघतात, समोर मैत्रीण असली तर ती स्वच्छ सांगते, ‘अगं, त्या दिवशी तू रडली नव्हतीस, चांगली भांडली होतीस!’ दगड गुळगुळीत झाला तर पाथरवटाकडून टाकी लावून घेता येते. समोरच्या रिकाम्या जागेवर मात्र पाथरवटाचा इलाज नाही.

म्हणून पुन्हा सांगते, कारण हेच निसटते: भूतकाळात जाता येणे ही या कादंबरीतील मोठी गोष्ट नव्हे. १८९५ साली एच. जी. वेल्सने आपल्या कादंबरीत धाडलेला कालप्रवासी एकटाच गेला, आणि परतल्यावर साक्षीला त्याच्यापाशी दोन कोमेजलेली फुले तेवढी होती. येथे तर एकमेकींच्या तारुण्याच्या चार जिवंत साक्षीदार आहेत, आणि त्यांतल्या एकीचीच साक्ष बाकीच्या चालू देत नाहीत. अशा वेळी वाचकानेही तिला ओलांडून हत्येच्या मागे धावावे, हे मला मुळीच पसंत नाही.

बार्बराची नात रूबी स्वतः मानसशास्त्रज्ञ आहे, आणि आजीचे तारुण्य आजीखेरीज इतरांच्या तोंडून कळू लागले की नातीच्या मनाचे काय होते, हा स्वतंत्र विषय आहे. परंतु नेमून दिलेली मुदत संपत आली. कादंबरी घरात असेल तर आज रात्री आरंभीची १९६७ सालची पाने काढा आणि त्या चौघींपैकी कोण कोणाशी कशी बोलते, एवढेच पाहा.