पहिल्या नंबरचं गाणं कोणाच्या आवडीचं?

(पुण्यातील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



हुंडा, पोटगी, रेशन असे प्रश्न समोर असताना ही बाई गाण्यांवर काय बोलणार, असं काहीजणींना वाटेल. पण वस्तीतल्या एखादीला विचारून पाहा, ‘तुला कुठलं गाणं आवडतं?’ ती म्हणते, ‘आमच्याकडे सगळ्यांना अमुक आवडतं.’ ‘मला’ हा शब्द यायला वेळ लागतो. म्हणून हा विषय मला आपला वाटतो.

१९५२ साली बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. सिनेमाच्या गाण्यांनी अभिरुची बिघडते, असं त्यांचं मत. आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? रेडिओचा काटा सिलोनवर नेला. त्याच वर्षी तिथे अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. शेवटी १९५७ मध्ये सरकारलाही विविध भारती काढावी लागली. वरून लादलेली ‘चांगली’ आवड लोकांनी मानली नाही, याचा मला आनंदच आहे.

पण गीतमालेत गाण्यांचे नंबर कशावरून लागत? दुकानांतला रेकॉर्डचा खप आणि श्रोता संघांची पत्रं यांवरून. आता सांगा, रेकॉर्ड घ्यायला पैसे कितीजणींच्या हातात होते? पत्र लिहायला सवड कितीजणींना होती? आमच्या घरी रेडिओचं बटण वडिलांच्या ताब्यात. बातम्या संपल्या की रेडिओ बंद. आई भाकऱ्या थापता थापता शेजारच्या घरातून जे ऐकू येईल ते ऐकायची. तिची आवड कुठल्या यादीत धरली गेली?

आज गाणं मोबाइलवर किती वेळा वाजलं ते मोजतात. पण घरात एकच चांगला फोन असेल, तर तो बहुधा नवऱ्याकडे नाहीतर मुलाकडे असतो. गणपतीत स्पीकरवर काय लावायचं ते मंडळाची पोरं ठरवतात. घरात बसून ते ऐकणाऱ्या बायांची ‘पसंती’ आपोआप गृहीत धरली जाते!

१९९३ मध्ये गीतमालेच्या वार्षिक यादीत पहिलं आलं ते ‘खलनायक’मधलं चोळीचं गाणं. त्यावर देशभर वाद झाला. बाईचं शरीर असं विकायला मांडणं याला विरोध करायलाच हवा. पण त्याच गाण्यावर हळदीत मनसोक्त नाचणाऱ्या बाईला बिघडलेली ठरवायचा अधिकार आपल्याला कोणी दिला? तिला विचारा, त्यात काय आवडतं. ती ठेक्याबद्दल बोलेल. कोणी रागावायला नसताना चारचौघींत नाचायला मिळालं, असं सांगेल. ते आधी ऐकून घेऊ, मग शब्दांबद्दल बोलू. केसकरांच्या खुर्चीत आपण बसायचं नाही.

आणखी एक साठा आहे, कुठल्याच क्रमवारीत न बसणारा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी आपल्या मुळशीपासून सुरुवात करून सहकाऱ्यांसह गावोगावच्या एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमवल्या. २०१७ पासून त्या ‘पारी’ या संकेतस्थळावर वाचायला-ऐकायला मिळतात. त्यांत सीतेचा वनवास आहे, भाऊ आहे, सासरचा जाच आहे, बाबासाहेबही आहेत. त्या कोणी छापून विकल्या नव्हत्या. एकीची ओवी दुसरीला पटली, म्हणून तिने ती उचलली आणि आपली भर घातली. एवढंच तिचं मतदान.

पिठाची गिरणी आली, बायांचे खांदे सुटले. फार चांगलं झालं. जातं परत यावं असं मी मुळीच म्हणणार नाही. पण पहाटेची ती घटका, जिथे काय गायचं ते बायाच ठरवत होत्या, तीही जात्याबरोबर गेली. ती मात्र मला परत हवी आहे.

म्हणून एक साधी सूचना. पुढच्या बैठकीत पंधरा मिनिटं राखून ठेवा. प्रत्येकीने आपल्या आवडीचं एक गाणं सांगायचं, येत असेल तर म्हणायचं आणि का आवडतं तेही सांगायचं. कोणी अभंग सांगेल, कोणी भीमगीत, कोणी लावणी, कोणी कालच आलेलं सिनेमातलं. वहीत सगळं लिहून ठेवा. नाक मुरडायचं नाही, नंबर लावायचे नाहीत. आणि घरी दिवसातून निदान अर्धा तास रेडिओ किंवा फोन आपल्या हातात मागून घ्या.

स्वतःचं गाणं निवडायची सवय लागलेली बाई पुढे आणखीही काही निवडायला मागेल. त्याची तयारी घरच्यांनी ठेवावी!