दुखण्यातला सोबती

घरात मोठे दुखणे आले की त्याच्या मागोमाग एक प्रश्नही येतो. तो डॉक्टर विचारीत नाहीत. भेटायला आलेली माणसे विचारतात. "काय बाई, कुणाचं कधी वाईट केलं नाहीत, मग हे भोग कुठले?" विचारणारा मायेनेच विचारतो. तो चहा घेऊन निघून जातो, पण अंथरुणावरच्या माणसाच्या मनात ते बोलणे कुसळासारखे रुतून राहते.

आमच्या घरी हे आईच्या दुखण्यात झाले. आम्ही नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातले ख्रिस्ती. आईला पोटाचा कर्करोग झाला. दर तीन आठवड्यांनी एस. टी. ने तिला शहरातल्या इस्पितळात न्यायचे, शिरेतून औषध द्यायचे आणि पुन्हा घरी आणायचे. ते सारे तिने मुकाट्याने सोसले. पण एका रात्री मला जवळ बसवून ती हळूच म्हणाली, "तू एवढा शिकलास. खरं सांग, माझ्या हातून असं काय घडलं असेल रे?"

मी एम. ए. झालेला मनुष्य, पण मला उत्तर सुचेना. तिच्या उशाशी नवा करार होता. तो उघडून मी योहानाच्या शुभवर्तमानातला नववा अध्याय वाचला. त्यातली गोष्ट अशी. वाटेवर एक जन्मांध मनुष्य दिसतो आणि शिष्य येशूला विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? पाहा, दोन हजार वर्षांपूर्वीचे, दूर देशीचे लोक; पण प्रश्न आपल्या ओसरीवरचाच! येशू सांगतो की याचेही नाही आणि याच्या आईबापांचेही नाही. आणि लगेच म्हणतो की दिवस आहे तोवर आपण देवाचे काम केले पाहिजे, रात्र येते आहे.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे हा हिशोब नाही म्हणायचा." त्या रात्री तिला झोप लागली. रोग होता तसाच होता, पण त्याच्यावर चढवलेले अपराधाचे ओझे उतरले होते.

तुम्ही म्हणाल, त्या गोष्टीतला आंधळा बरा झाला; तुमच्या आईचे काय? प्रश्न रास्त आहे. माझी आई बरी झाली नाही. चौदा महिन्यांनी ती गेली. म्हणून मी तुम्हाला असे सांगणार नाही की श्रद्धा ठेवा म्हणजे रोग पळेल. ख्रिस्ती धर्मग्रंथही तसे सांगत नाही. संत पौलाला शरीरात काही एक पीडा होती. ती कोणती, हे त्याने लिहिलेले नाही. तिला त्याने काटा म्हटले आहे. तो काटा जावा म्हणून त्याने तीन वेळा विनवणी केली. काटा गेला नाही. त्याला मिळाली ती काट्यासकट जगण्याची शक्ती. फार काय, स्वतः येशूने मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रार्थना केली, की शक्य असेल तर हा दुःखाचा प्याला माझ्यापासून टळो. तो टळला नाही. ज्याचा देव असा वेदनेतून गेलेला आहे, त्या रोग्याला मध्यरात्री कण्हताना लाज वाटत नाही. ऐकणाऱ्याला दुखणे म्हणजे काय हे ठाऊक आहे, असे त्याला वाटते. नवसाला काही मोबदला मागावा लागतो. सोबतीला तो लागत नाही.

ही सोबत माणसाला नुसते पडून राहायला शिकवते, असेही समजू नका. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टर मेरी वर्गीस यांची हकीगत ऐका. १९२५ साली केरळात जन्मलेल्या या तरुण डॉक्टर १९५४ साली मोटार-अपघातात सापडल्या. पाठीच्या कण्याला इजा झाली आणि दोन्ही पाय कायमचे लुळे पडले. उभ्याने शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरला याहून मोठा घाव कोणता? त्यांनीही पाय मागितले असतील, रडल्याही असतील. मग डॉक्टर पॉल ब्रँड यांनी त्यांना सुचविले की, कुष्ठरोगाने वाकडी झालेली बोटे सरळ करण्याची शस्त्रक्रिया बसूनही करता येते. मेरीबाई चाकांच्या खुर्चीत बसून ती करू लागल्या. पुढे न्यूयॉर्कला जाऊन त्या पांगळ्यांच्या पुनर्वसनाचे शास्त्र शिकून आल्या आणि वेल्लोरला त्या कामाचा विभाग त्यांनी उभा केला. १९७२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९८६ साली त्या वारल्या. पाय अखेरपर्यंत परत आले नाहीत. पण उरलेल्या दिवसाचे काम त्यांनी सोडले नाही.

माझ्या आईला कोणती शस्त्रक्रिया करायची होती? ती सुपात तांदूळ घेऊन बसे. अंगात ताकद असली तर शेरभर निवडी, नसली तर मूठभर. "आजचं एवढंच," म्हणे आणि सूप बाजूला सारी. उद्याचे ती बोलत नसे. मला वाटते, श्रद्धेचा तिला झालेला उपयोग त्या मूठभर तांदळात होता.

आता दोन शब्द आपल्यासाठी, म्हणजे निरोगी माणसांसाठी. शिक्षक बंधुभगिनींनी हे मुलांनाही सांगावे. ईयोब नावाच्या सज्जनाची कथा जुन्या करारात आहे. अंगभर फोड उठलेल्या ईयोबाला भेटायला तीन मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री एक शब्द न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. तोवर सारे उत्तम चालले होते. ते बोलू लागले, तुझेच काही चुकले असेल म्हणून समजावू लागले, आणि घोटाळा झाला. शेवटी देव त्या मित्रांवरच रागावला. तेव्हा रोग्याकडे जाल तेव्हा आधी बसा. पाणी द्या, उशी सरळ करा. कारण शोधू नका.

आणि औषध सोडू नका, सोडू देऊ नका. क्षय आणि कुष्ठरोग एके काळी देवाचा कोप समजले जात. आज दोन्ही औषधाने बरे होतात, आणि सरकारी दवाखान्यात त्यांची औषधे फुकट मिळतात. मात्र ती सांगितली तितके महिने घेतली पाहिजेत. प्रार्थना करणाऱ्याने गोळी चुकवावी, असे कोणत्याही शुभवर्तमानात लिहिलेले नाही.

श्रोतेहो, तुम्ही कोणत्याही धर्माचे असा. तुमच्या गावात आज कोणी तरी छताकडे बघत पडलेले असेल आणि आपल्या आयुष्याचा जमाखर्च मांडीत असेल. संध्याकाळी त्याच्याकडे जा. तो हिशोब त्याच्या हातून काढून घेता आला तर घ्या. तेही जमले नाही, तर सोबत बसा.